पत्रिकेत नसलेलं नाव

लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर मोबाइलवर आला आणि हिलालआबांची बोटं कीबोर्डवरच थिजली... 'श्री. हिलाल आत्माराम पाटील, बी.ई. इलेक्ट्रिकल, यांची एकुलती कन्या डॉ. यामिनी'! पोटच्या पोरीनं बापाला डिग्री लावून धाडली होती, आणि ती छापायची कुणी? तर खुद्द त्या बापानं!

सारंगखेड्यात लग्नपत्रिका छापायची ती आबांच्याच दुकानात. तशी विहिरीवरची मोटार जळाली तरी आबा, घराला वायरिंग करायचं तरी आबा, यात्रेत एखाद्या घोड्याचं खोगीर उसवलं तरी आबाच! बाप गेला तेव्हा नववीत दप्तर खुंटीला टांगलं. पुढचं सगळं पाहून, मोडून, पुन्हा जोडून शिकले. धाकट्या भावाला, भूपेंद्रला, इंजिनिअर केलं. बायको जसोदाबाई संसार अर्ध्यावर टाकून देवाघरी गेली तेव्हा तीन वर्षांच्या यामिनीसाठी झबली शिवायलाही शिकले. हातात एवढ्या विद्या, पण कागद म्हणाल तर एक नाही.

बोलणी झाली त्या दिवशी व्याही राजेंद्र सरांनी, निवृत्त मुख्याध्यापकच ते, सहज विचारलं होतं, "विजेच्या कामाचं एवढं ज्ञान! आपण कोणत्या कॉलेजचे?"

आबा तोंड उघडणार तोच यामिनी झटकन म्हणाली, "धुळ्याचे. बी.ई. आहेत बाबा."

जन्मात पहिल्यांदा तिनं आबांना 'बाबा' म्हटलं होतं... खरं बोलावं तर भर बैठकीत पोर खोटी पडते! बिचाऱ्या आबांनी मान खाली घातली.

आता काय करावं? डिग्री छापली तर ते धडधडीत खोटं. आबांनी आजवर कुणाच्या मोटारीत जुनी तार नवी म्हणून भरली नव्हती. नुसतं नाव छापावं, तर बाकी सगळ्यांच्या नावांपुढे एम.ए., बी.एड., एम.बी.बी.एस. अशी रांग! त्यात बोडकं नाव लगेच डोळ्यांत भरणार, चौकशी होणार, पोरीचं ठरलेलं लग्न... नको रे देवा! आबांनी स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव पुसलं, तिथे भूपेंद्रचं टाकलं आणि 'आमची पुतणी' असं लिहिलं. विधुराला कन्यादान करता येत नाही, जोडपंच लागतं, असं सगळ्यांना सांगून मोकळे झाले. पहिली पत्रिका कुलदेवीपुढे ठेवली. दुसरी जसोदाबाईच्या फोटोपुढे ठेवायची होती, पण हात पुढे होईना. हे वाचून ती काय म्हणेल?

यामिनीनं पत्रिका वाचली. ती तशीच वाटूही दिली.

लग्नाच्या दुपारी नेमकी वीज गेली. आबा नवा सदरा घडीतच ठेवून मांडवामागे जनरेटरपाशी जाऊन बसले. ते हट्टी धूड त्यांच्या हाताशिवाय चालतच नव्हतं. मंगलाष्टकं संपून टाळी लागली, अक्षता पडल्या. भूपेंद्र आणि त्याची बायको रंजिता कन्यादानाला बसले.

भटजींनी माइकवरून विचारलं, "मुलीच्या वडलांचं नाव सांगा."

भूपेंद्रनं वळून मांडवामागे पाहिलं. पत्रिकेत चाललं, पण मंत्रात काका कसा चालेल? "हिलाल..." तो कसाबसा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले.

"हो, पण आमचे इंजिनिअरसाहेब आहेत कुठे?" राजेंद्र सरांनी कौतुकानं इकडेतिकडे पाहिलं.

यामिनी ताडकन उठली. "सर, मन्हा आबा इंजिनिअर नहीत! नववीमा शाळा सोडी त्यासनी. मी खोटं बोलनू... माले लाज वाटनी त्यासनी! आनि मन्हं खोटं झाकाकरता त्यासनी सोतानं नाव पुसी टाकं!"

सासरच्यांपुढे तिच्या तोंडून घरची अहिराणी पहिल्यांदाच बाहेर पडत होती. शालू सावरत, रडत रडत ती मांडवामागे धावली. जनरेटरच्या धडधडीत आबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

"काय वं, लाइट गई का?" ते घाबरून उठले.

"आबा... माले माफ करा! तुम्हना बिगर मी मांडवमा परत बसाव नही."

"येडी का? हाई बंद करं तं पंखा बंद पडतीन, माइक बंद पडी, पाव्हना घामाघूम व्हतीन... आनि मन्हा हात पाह्य, ग्रीसना शेतस!"

मागून राजेंद्र सर आले होते. "पडू द्या बंद, हिलालभाऊ. नावापुढची अक्षरं पाहूनच मी माणसांना खुर्ची देत आलो... पोरीनं खोटं बोलावं असा प्रश्न मीच विचारला. चला."

आबांनी खटका दाबला. पंखे थांबले, माइक मुका झाला, भर उन्हाळ्यातल्या त्या मांडवात माणसं कान देऊन बसली. भूपेंद्र आणि रंजिता उठले, आबा पाटावर बसले; जोडपं पुरं व्हावं म्हणून शेजारी जसोदाबाईच्या नावाची सुपारी मांडली. आणि भटजींनी मोकळ्या आवाजात म्हटलं, आत्मारामाची नात, हिलालची कन्या यामिनी... शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही ते ऐकू गेलं. काळ्या ओंजळीतून पाणी सुटलं तेव्हा आबांना समोरचं काहीच दिसत नव्हतं.

दिवस मावळायच्या आत पोर सासरी गेली. नाव घेऊन हाक मारावी असं घरात कुणी उरलं नाही.

आबांनी दुकान उघडलं. पत्रिकेत आपलं नाव परत टाकलं, त्यापुढे काही न लावता, आणि एकच प्रत छापली. तिला हळदकुंकवाची बोटं लावून फोटोपुढे ठेवली.

"लग्न तं व्हई गयं, जसोदा... पन तुन्हं आवतन राही जायेल व्हतं."