तीन पिळांचा बोळा

जुन्या नकाशावर बारा खुणा. टेकडीवर थडगी नऊ.

सुतळीचा बोळा. तीन पीळ, वर गाठ.

खाणीच्या फाटकावर पाटी: उद्या दुपारी बाराला सुरुंग.

नवव्या थडग्याच्या छताची शिळा. सहा भोकं, आरपार. रविवारी ही भोकं नव्हती.

भोकं दाखवायला खाणीच्या मॅनेजरनेच पुरातत्त्व खात्याच्या अधिकारीबाईंना वर आणलं होतं.

"मशीनची भोकं आहेत, मॅडम. हजारो वर्षांपूर्वी मशीन होतं का? आमच्या खाणीतल्या टाकाऊ शिळा आणून कुणीतरी मांडामांड केलीय. सगळं बनावट."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. त्यांनी 'बनावट' लिहिलं, की टेकडी गेली.

"लिहा, पण आधी आत या," थडग्यातून आवाज आला.

ही मावशी. तीस वर्षं खाणीत ड्रिल चालवलं, आता लोकांना थडगी दाखवायची. सगळेच तिला मावशी म्हणत. सख्खा भाचा एकच, हा मॅनेजर. ड्रिल त्याला तिनेच शिकवलं होतं.

बाई रांगत आत शिरल्या. बाहेर आल्या तेव्हा गुडघे पांढरे झाले होते.

मागोमाग मावशी बाहेर आली आणि भाच्याकडे वळली. "याआधी वर कधी आला होतास?"

"वर्ष झालं असेल."

"ही सुतळी धर जरा. मशीन कोण चालवतं हल्ली?"

"पोरं. मी खुर्चीत बसतो, मावशी. घाम गाळायचे दिवस गेले."

"खुर्ची मऊ आहे?"

"आहे की."

"मग हात का शिवशिवतायत?"

त्याने खाली पाहिलं. बोलता बोलता बोटांनी सुतळी वळली होती. तीन पीळ, वर गाठ.

मावशीने मूठ उघडली. तळहातावर तसाच बोळा.

"मॅडम, शिळा खाणीत भोकं पाडून आणली असती, तर भुकटी खाणीत पडली असती. ती इथं पडलीय, बरोबर सहा भोकांखाली. तुमच्या गुडघ्यांना लागलीय. म्हणजे शिळा इथलीच, भोकं नंतरची."

"आणि हा बोळा?"

"भोक पाडलं की आम्ही तोंड बुजवतो, आत खडी पडू नये म्हणून. आरपार भोकाला बोळा लागतच नाही. पण सवय! याने सहा कोंबले, जाताना पाच काढले, हा सहावा भोकातच राहिला. बाकीची पोरं कागद कोंबतात. हा पीळ खाणीत दोघांनाच येतो. दुसरी मी."

"मावशी," भाचा हळूच म्हणाला, "घरचं घरात राहू दे ना."

"हेही कुणाचं तरी घरच आहे. तू छप्पर फोडलंस."

"खाण थांबली तर माणसं खातील काय?"

"खाली खण की हवं तेवढं! तीस वर्षं मीही तेच खाल्लं. पण वर यायचं नाही. उद्या बाराला मी या शिळेखाली बसलेली असेन. लाव सुरुंग."

बाईंनी लिहिलं: थडगं अस्सल. भोकं ताजी. सुरुंगाला मनाई. मग त्यांनी मॅनेजरच्या हातातला बोळा मागून घेतला आणि पाकिटात घातला.

नकाशावरची उरलेली तीन थडगी उडवली, तेव्हा मावशी बावीस वर्षांची होती. त्या सुरुंगांची भोकं तिने पाडली होती.