उत्तरेची भिंत

ऊब दिल्याशिवाय माती खरं बोलत नाही, ही नास्तास्याच्या धंद्यातली पहिली शिकवण. डिझेल मुरलेली माती पिशवीत अर्धी भरायची, तोंड घट्ट बंद करायचं आणि ती कोटाच्या आत, काखेशी धरून बसायचं. अलास्कातल्या त्या गारठ्यात खड्ड्याच्या काठावर दुसरी शेगडी आणायची कुठून? माती कोमट झाली की वाफ सोडते. मग पिशवीत वाफेतलं डिझेल मोजणाऱ्या मीटरची नळी खुपसायची. आकडा वीसच्या खाली आला तर भिंत स्वच्छ, वर गेला तर आणखी खणा.

शाळेच्या टाकीतून सांडलेलं डिझेल मुरलेली माती काढायला शाळेमागे खणलेल्या खड्ड्याच्या तीन भिंती स्वच्छ निघाल्या होत्या. चौथी, उत्तरेची, हटून बसली होती. कितीही खरवडली तरी तिचा आकडा चारशे सतरा. त्यात एकाचाही फरक पडत नव्हता.

"मीटर मेलंय तुझं," खोदयंत्रावर बसलेला फ्योदोर म्हणाला. तो तिचा मामेभाऊ. युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांत मामेभावाने टोमणे मारायचे आणि आतेबहिणीने ते व्याजासकट परत करायचे, अशी रीतच आहे.

"मीटर धडधाकट आहे. तूच सकाळपासून एका जागी खाजवतोयस."

पण एरवी यानंतर येणारं हसू आज तिला आलं नाही. हीच टाकी भरायचं काम तिचा भाऊ इग्नाती करायचा. गेल्या हिवाळ्यात, भर वादळात, टाकीचा नळ फुटल्याचं कळलं तेव्हा तो बंद करायला इग्नाती घरातून निघाला आणि परत आला नाही. त्याचे हातमोजे टाकीपाशी सापडले. गावाने नदीचा बर्फ फोडफोडून शोध घेतला आणि शेवटी हात टेकले. नास्तास्याने टेकले नाहीत.

मेलेल्याचं नाव पुढे जन्मणाऱ्या बाळाला द्यायचं, हा तिथला जुना नेम. नाव मिळालं की गेलेला माणूस घरी येतो, त्याची तहान भागते. मग सगळे त्या बाळाला गेलेल्याच्याच नात्याने हाक मारतात. नास्तास्याला मुलगा झाला, बाप्तिस्म्याचं पाणी पाद्रीबाबांनी शिंपडलं, पण इग्नातीचं युपिक नाव, अंगाल्गाक, ती बाळाला देऊ देईना. नाव दिलं म्हणजे भाऊ मेला हे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आणि बाळ रडत होतं. पोटभर पिऊनही रडत होतं.

"ती तहान त्याची नाही गं," उल्यानामावशी रोज म्हणायची. नास्तास्या बाळाला घेऊन तिच्याच घरी राहत होती.

"मावशी, प्रेत दाखव, नाव देते," नास्तास्याचं रोजचं उत्तर.

आता तर पळायलाही वाट नव्हती. धुकं असं बसलं होतं की गावाबाहेर नेणारं विमान येईना. जमीन गोठायच्या आत खड्डा बुजवायलाच हवा होता, आणि उत्तरेला यंत्र आणखी पुढे नेलं असतं तर मावशीच्या घराचे खांब उखडले असते. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर तान्हं पोर घेऊन कुठे जाणार?

तिने कोटातून उत्तरेची पिशवी काढली. आतून ती घामेजली होती. बघता बघता पिशवी फुगली. मग खपाटीला गेली. पुन्हा फुगली.

"अंडं उबवलंस की काय?" फ्योदोरने वरून विचारलं.

थंडीने प्लॅस्टिक आकसतं, ती स्वतःला म्हणाली. पूर्वेची पिशवी मात्र शेजारी निपचित पडली होती. मग तिला आठवलं की ही माती पिशवीत भरतानाच कोमट होती.

खड्ड्यात माणसाने उतरायचं नाही, हा नियम तिनेच सगळ्यांकडून घोकून घेतला होता. तरी ती शिडी लावून उतरली. भिंतीला हात लावून बघायचा होता, एवढंच.

भिंत उबदार होती. तिने तळवा टेकवला, शिडीकडे वळली आणि माती सुटली.

छातीपर्यंत. हात वर राहिले, बाकी सगळं दाबलं गेलं. फ्योदोर काठावर आला, यंत्र जवळ आणलं तर उरलेली भिंतही कोसळेल हे त्याला दिसलं. "हलू नकोस. माणसं आणतो," म्हणून तो धुक्यात धावला.

पावलं विरली. श्वास सोडला की माती तेवढी जागा घेई, मग परत देत नसे.

तिच्या पाठीशी मातीच होती. त्या मातीतून मानेवर ऊब आली. गेली. पुन्हा आली.

डिझेलचा वास.

तिने हाक मारली नाही. मारायला छातीत हवा नव्हती आणि ओ येईल याची भीती होती.

ऊब आली. या वेळी ती गेली नाही.

"दिलं," ती पुटपुटली. "तुझं नाव त्याला दिलं. घरी जा, दादा."

पाठीमागची माती गार पडली.

माणसं फावडी घेऊन आली तेव्हा ती सुट्या वाळूतून निघावी तशी निघाली. तिने तिथल्या तिथे भिंतीची माती भरली, कोटात उबवली, मीटर लावलं. शून्य. फ्योदोर म्हणाला, मीटरही घाबरलं वाटतं. तोही हसला नाही. खड्डा अंधार पडायच्या आत बुजवायचं ठरलं.

घरी पोचली तेव्हा मीटर गळ्यात तसंच चालू होतं. आत कोणी रडत नव्हतं. मावशी बाळाच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती.

"दुपारी एकाएकी शांत झाला," मावशी म्हणाली. "तू नाव दिलंस ना? अगं, मला पाहून हसला. त्याच्यासारखाच."

नास्तास्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आठ महिने अडवून धरलेलं सगळं रडू तिने रडून घेतलं. मग बाळाला उचलून छातीशी धरलं. बाळाने तोंड उघडून मोठी जांभई दिली, थेट मीटरच्या नळीवर.

मीटर वाजू लागलं. तिने खाली पाहिलं.

चारशे सतरा.