तिसरा प्लग

वाटूर फाट्यावरून मिस्त्री साहेबराव हत्यारांची पेटी घेऊन आला, तेव्हा गोपिकाबाई भर दुपारी अंगणात बाज टाकून त्याचीच वाट बघत होती. समोर लिंबाखाली जुनी पेट्रोल जीप उभी. गोपिकाबाईचा नवरा रायभान सहा महिन्यांमागं याच जीपच्या स्टेअरिंगवर डोकं टेकून गेला. फाट्यावर, चालू गाडीत.

"रेस दिली की बरी चालती," ती म्हणाली. "उभी ठेवली की मिसिंग मारती. उद्या भोकरदनचं गिऱ्हाईक येऊन राह्यलंय. ते गाडी नेवो न्हाईतर न नेवो, पण हा आवाज माझ्या अंगणातनं गेला पायजे."

"त्याला काय मामी, प्लग मेला असंल."

"मागच्या बारीला पण हेच म्हणल्तास. तुझ्या हातानं किती प्लग मरतेत रे?"

साहेबराव हसला. इंजन चालू केलं. घर्र, घर्र, घर्र... मधेच अडकायचं, मग जीव ओढून घेतल्यागत पुन्हा घर्र. गोपिकाबाईनं पदर कानावर घेतला. त्या सकाळी रायभानची छाती अशीच वाजत होती. "दम लागलाय, आजची खेप राहू दे," म्हणाला होता बिचारा. आणि ही चुलीपुढूनच ओरडली होती, "ढोंगं पुरे झाली, निघा!"

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

मिस्त्री एकेका प्लगची वायर उपटून बघू लागला. पहिली काढली, इंजन डळमळलं. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली... काहीच फरक नाही.

"हाच मेलाय."

इंजन बंद करून त्यानं तिसरा प्लग खोलला. दाब बघायला भोकावर अंगठा ठेवला, मामीला किल्ली देऊन सेल मारायला सांगणार, तोच चटका बसल्यागत हात काढून घेतला.

"मामी... गाडी बंद हाय ना?"

"किल्ली तर तुझ्याच खिशात हाय. याड लागलं का?"

"जरा... हात लावून बघा."

तिनं तळहात ठेवला. ऊन, ओलसर वारं हाताला लागलं. थांबलं. मग तळहात आत ओढला गेला, हळूच सुटला. पेट्रोलचा वास नव्हता. छाती शेकायच्या ओव्याचा होता.

जन्मात कुणापुढं न वाकलेली बाई त्या इंजनावर वाकली. "ढोंग न्हवतं ओ..." ती पुटपुटली. "मला कळलंच न्हाई."

वारं थांबलं. परत आलं नाही.

साहेबरावनं तोच जुना प्लग बसवला, वायर लावली, जीप चालू केली. काही न बदलता इंजन एकसारखं चाललं, कुठं अडकलं म्हणून नाही. त्यानं किल्ली फिरवली. अंगण शांत झालं. गोपिकाबाई बाजेवर येऊन टेकली.

"पाणी प्या मामी," मान वर न करता, पेटी भरत तो म्हणाला. "लई दम लागलाय तुम्हाला."

तिनं कान दिला. घरघर अगदी खांद्यापाशी चालली होती. तिचं तोंड तर मिटलेलं होतं.

ती जराशी सरकली, जागा केली. सुंभ करकरलं, आणि बाजेची रिकामी बाजू हळूच खाली दबली.