कोल्बीला आणायला जाणे

सोमवार. टी-शर्ट आणणे (तीन). बाबांच्या गोळ्या. गाडीचं ऑइल.

हा बेत वर्ला स्टिडमनं शाळेच्या जेवणाच्या तक्त्यामागं लिहून फ्रिजवर लावला होता. त्यात खाडाखोड नव्हती. रोज तीनशे मुलांना वेळेवर वाढणारी बाई ती. तिच्या बेतात खाडाखोड होत नसे.

तक्त्याशेजारी कोल्बीचं पत्र होतं. "वर्ला, वेळेवर ये. सैन्याचं प्रशिक्षण संपायच्या आदल्या दिवशी आम्हाला मैदानावर उभं करतात. घरचं माणूस येऊन खांद्यावर थाप मारेपर्यंत हलायचं नाही, पापणीसुद्धा नाही. ज्यांना न्यायला कोणी येत नाही ते तसेच उभे राहतात. बाकी मी बरा आहे. अठरा पौंड वजन उतरलं."

हे पत्र तिनं शाळेच्या स्वयंपाकघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. दोनदा.

कोल्बी नऊ वर्षांचा असताना सरकारी गाडीतून तिच्याकडे सांभाळायला आला होता. त्याआधीच्या घरांमध्ये त्याला शाळेतून आणायला कोणी जात नसे. फाटकाच्या खांबाला धरून तो अंधार पडेपर्यंत उभा राहायचा, असं त्याच्या कागदांत लिहिलेलं होतं. वर्ला दहा वर्षांत एकदाही उशिरा पोचली नाही.

दुकानदार हॉलिसनं दोन शर्ट काउंटरवर ठेवले. 'कोल्बीची मावशी'. 'कोल्बीचे आजोबा'.

"तिसरा?" वर्लानं विचारलं.

"तो सकाळीच नेला की. तुम्हीच पाठवलीत ना ती मुलगी?"

"कुठली मुलगी?"

"असेल बाविशीची. म्हणाली, मी कोल्बीची आई. मी म्हटलं, अगं, तू तर बहीण शोभशील त्याची." हॉलिसनं कान खाजवला. "हसली नाही."

त्यानं तसाच आणखी एक शर्ट छापून दिला. गाडीत बसल्यावर वर्लाची बहीण नेल्डा म्हणाली, "मैत्रीण असेल त्याची. पोरानं गणवेश घातला की अशा निघतात, पावसानंतरच्या बेडकांसारख्या. चल, बाबांच्या गोळ्या राहिल्यात."

वर्लाही हसली. कोल्बीच्या कागदांत त्याला जन्म देणाऱ्या बाईचा फोटो होता, हे तिनं नेल्डाला कधी सांगितलं नव्हतं. बर्फात उभी, अंगात बिनबाह्यांचा निळा फ्रॉक, वय बावीस. खाली शिक्का: ठावठिकाणा अज्ञात. तेव्हा कोल्बी तीन वर्षांचा होता. म्हणजे ती बाई आज अडतीसची असायला हवी.

अडतीसची बाई बाविशीची दिसत नाही. वर्लानं मनातला विषय बंद केला.

मंगळवार. सहाला निघणे. रोल बारा, कॉफी. तीनला मोटेल.

वेस्ट व्हर्जिनियाचे डोंगर धुक्यात होते. दोन बोगदे ओलांडले आणि रस्ता हळूहळू सपाट झाला, हवा उबदार. मसालेदार मांस भरलेले पेपरोनीचे रोल, छावणी होती त्या साउथ कॅरोलिनाच्या हद्दीआधीच संपले, कारण बाबांनी एकट्यानं पाच खाल्ले.

"माझ्या वेळी आणायला कोणी नव्हतं आलं," बाबा म्हणाले. "सार्जंटनंच ढुंगणावर लाथ घातली आणि म्हणाला, ओरिन, जा आता, लढाई तुझ्यासाठी थांबलीय."

"आणि तुम्ही तीन वर्षं बटाटे सोलले," नेल्डा म्हणाली.

"सैन्य पोटावर चालतं, पोरी."

मग त्यांनी शेवटच्या रोलच्या कागदाची घडी करून खिशात ठेवली. "उद्या पोराला थांबायला लावू नका," एवढंच म्हणाले.

मोटेलच्या काउंटरवरच्या बाईनं वहीत बोट फिरवलं. "स्टिडम. खोली उघडीच आहे. तुमच्यातल्या त्या मघाशीच आल्या ना."

वर्लानं विचारलं, "त्यांनी काय घातलं होतं?"

"निळा फ्रॉक. बाह्या नाहीत. नोव्हेंबर आहे, म्हटलं हीटर लावते. तर म्हणाल्या, मला सवय आहे."

खोलीत कोणी नव्हतं. पलंगांवर एकही सुरकुती नव्हती. मधल्या उशीवर टी-शर्ट घडी करून ठेवला होता. 'कोल्बीची आई'. हीटर चालू होता, खोलीत उकडत होतं. वर्लानं शर्ट उचलला तर तो वाकेना. फ्रीझरमधून काढलेल्या मांसासारखा कडक, घडीत बर्फाची पांढरी कड.

नेल्डा सामान घेऊन यायच्या आत तिनं तो खणात ढकलला.

मग पर्समधून बेताचा कागद काढला आणि पहिल्यांदाच त्यावर काट मारली.

बुधवार. ~~सातला निघणे.~~ साडेपाच.

इतक्या पहाटेही छावणीच्या फाटकावर रांग होती. गाड्यांच्या काचांवर पोरांची नावं रंगवलेली, कुठं फुगे, कुठं आजीला चाकांच्या खुर्चीसकट बसवलेली व्हॅन. बाबांनी शर्टावर जुनं पदक लावलं होतं. रांगेतला एक अनोळखी माणूस काच खाली करून म्हणाला, "सलाम, सर." बाबांनी तीन वेळा घसा साफ केला.

फाटकावरच्या शिपायानं वर्लाचा परवाना बघितला, यादी बघितली.

"कोल्बी? त्याची आई आत गेली, मॅडम."

"त्याची आई मी."

त्यानं यादी पुन्हा बघितली. "माफ करा. तुमच्या नावापुढं आत गेल्याची खूण नाहीये."

"मग आत कोण गेलं?"

त्यानं तोंड उघडलं. रस्त्याकडे बघितलं. "चालत गेली," तो म्हणाला. "इथून चालत कोणी आत जात नाही. मी का जाऊ दिलं..."

मागचा हॉर्न वाजला. नेल्डानं गाडी पुढं घेतली.

नऊ वाजता. मैदान.

पाइनच्या झाडांमागून ढोल वाजले. हिरवा धूर उठला, आणि धुरातून पोरं चालत आली. शेकडो, एका पावलानं. बाकांवरचे लोक उभे राहिले. बाबा उभे राहिले, काठीशिवाय. कागदात जो खांबाला धरून उभा होता, तो पोरगा यांच्यात होता.

रांगा थांबल्या. सगळे दगड झाले.

मग ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "जा, आपापल्या सैनिकाला घेऊन या," आणि सगळी माणसं मैदानावर धावली.

वर्लाचा डावा गुडघा धावण्यातला नव्हता. तरी ती धावली.

सगळी डोकी भादरलेली. सगळ्या हनुवट्या सारख्या. तिनं एका पोराचा चेहरा निरखला, दुसऱ्याचा. माफी मागत पुढं गेली.

आजूबाजूला पोरं सुटत होती, रडत होती, आयांना उचलून घेत होती.

चौथी रांग. शेवटून दुसरा.

कोल्बी ताठ उभा होता. जबडा आवळलेला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पापणी हलत नव्हती.

त्याच्यामागं कोणी नव्हतं. नुसतं गवत. त्यावर दोन पावलांएवढी जागा पांढरी झाली होती.

तिनं त्याच्या उजव्या खांद्यावर थाप मारली.

"चल बाबा. आजोबांना संडास सापडत नाहीये."

त्यानं श्वास सोडला. केवढा तरी. मग तिला इतकं घट्ट धरलं की तिची टाच उचलली गेली.

"मागं कोण आहे?" तो तिच्या केसांत म्हणाला.

"कोणी नाही."

"उभं केल्यापासून डाव्या खांद्यावर कोणीतरी थोपटतंय. म्हणतंय, आई आली, चल."

"मग गेला का नाहीस?"

"तू असं कधी म्हणतेस?" तो म्हणाला. "आणि तू नेहमी समोरून येतेस."

बाबा पोचले. त्यांनी सलाम ठोकला, कोल्बीनं उलट सलाम केला, आणि नेल्डा फोटो काढताना इतकी रडली की सगळ्या फोटोंत आभाळच आलं. शेजारची बाई विचारत होती, "हा तुमचा?"

"माझा," वर्ला म्हणाली. मोठ्यानं म्हणाली.

सगळे गाडीकडे निघाले. ती एक पाऊल मागं राहिली, त्याची चाल बघायला. पाठ कशी सरळ. गणवेश कोरा, या आठवड्यात मिळालेला, इस्त्रीची घडी सुरीसारखी.

फक्त डाव्या खांद्यावर कापड विरलं होतं. कित्येक वर्षं वापरलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं, हाताच्या पंजाएवढं. खालून कातडी दिसत होती.

वर्लानं पुढं होऊन तिथं आपला हात ठेवला.

कोल्बी आजोबांशी बोलत चालला होता. ती शेजारून चालत राहिली.

थोड्या वेळानं तिच्या हाताच्या पाठीवर थाप पडली. हलकी, गार.

मग आणखी एक.

तिनं हात काढला नाही.