चार मिनिटं मागे

साताऱ्याजवळच्या पठारावर मंगळ-संपर्क केंद्र होतं. तिथे सकाळच्या चहाबरोबर मंगळावरच्या नोंदी तपासायची रीत होती. आठ चाळीसला केंद्रप्रमुख सुनेत्रा घोलप यांनी कप बाजूला सारला आणि लेसर-दुव्याचा माइक ओढला.

"मुजावर, प्राणवायूची झडप सात दहाला बंद केली असं लिहिलंय तुम्ही. आमच्याकडे सात बावीसची नोंद आहे. बारा मिनिटं गळती होऊ दिलीत, वर खोटी वेळ लिहिलीत. लाज वाटायला हवी."

केंद्राचे संदेश तिकडे मंगळावरच्या तळावर जेवणघरातल्या स्पीकरवर लागत, मुजावरांसह सातही जणांसमोर. हे सुनेत्राबाईंना ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावर दुवा सांभाळणाऱ्या साबळेंची खारी चहात बुडता बुडता थांबली. "बाई, कच्ची नोंद उघडलीत का?"

"हो. का?"

"मग प्रवास कोण वजा करणार? आज मंगळ प्रकाशाच्या बारा मिनिटांवर आहे."

रोज ती वजाबाकी संगणक करी; कच्च्या नोंदीत ती झालेली नसे. झडप सात दहालाच बंद झाली होती. तिच्या संदेशाला साडेएकवीस कोटी किलोमीटर यायला बारा मिनिटं लागली होती. बाईंची कानशिलं तापली.

"माझा संदेश थांबवता येईल?"

"कशानं? मध्ये हवा नाही, तार नाही. प्रकाशाला आधार लागत नाही आणि तिथे अडवणारंही काही नाही. मागून काहीही पाठवलंत, तरी तेवढ्याच वेगानं जाणार."

आठ चव्वेचाळीसला त्यांनी माफी पाठवली. ती आरोपाच्या चार मिनिटं मागून निघाली. ते अंतर वाटेत कमी होणार नव्हतं.

नऊ चारला मुजावरांचा आवाज आला. माफी पोचण्याआधी बोललेला.

"बाई, मी घड्याळात बघूनच लिहिलं होतं. पण केंद्र वजाबाकी करूनच बोलतं. माझंच चुकलं असणार. हल्ली झोप नीट होत नाही. झडपेचं काम दुसऱ्या कुणाला द्या."

त्या आवाजामागे कुणीतरी ताट सरकवल्याचं ऐकू आलं.

त्या झडपेवर सात जणांचा श्वास होता आणि तिच्या कामात मुजावरांचा हात धरणारं तिथे कुणी नव्हतं.

माफीचं उत्तर नऊ आठला यायला हवं होतं. नऊ आठ झाले. नऊ नऊ झाले. साबळे बाईंकडे बघत नव्हते.

चार मिनिटं स्वतःला खोटं मानून बसलेला माणूस पाचव्या मिनिटाला कुणाच्या घड्याळावर विश्वास ठेवत असेल?