काटा का पडला?

"स्पीडचा काटा पडला! बघा, बघा, शून्यावर!" पुढच्या सीटवरून वसीम ओरडला.

मागे बसलेल्या जियाने तोंड फिरवलं. ती पुढची सीट तिची होती! अब्बांच्या भाड्याने फिरणाऱ्या गाडीत जागा असली की तिथे जियाच बसायची. अब्बांनी बॉनेट उघडलं की टॉर्च धरायची हाकही तिलाच यायची. पण मेच्या सुट्टीत मालेगावहून हा चुलतभाऊ आला आणि घरात एकच धोशा सुरू झाला, "वसीम, टॉर्च धर! वसीम, पाना दे!"

"कसला हुशार आहे गं तुझा भाऊ!" शेजारी बसलेली तिची मैत्रीण स्नेहल कुजबुजली.

"मग त्याच्याच शेजारी जाऊन बस!" जिया फणकारली.

फूफीला, म्हणजे आत्याला, सिन्नरला सोडून गाडी नाशिकला परतत होती. स्टिअरिंगवर अब्बांचे ड्रायव्हर बुधाकाका होते. पेठकडचे, कमी बोलणारे. काल अब्बांनी त्यांच्यावर नको तो आळ घेतला होता. गाडी देवळ्याला जाऊन आली, पण मीटरवर निम्मेच किलोमीटर! "चोरून भाडी मारायला मीटरची वायर काढलीस आणि परत जोडायला विसरलास!" अब्बा गरजले होते.

"मी नाय काढली, शेठ," काका एवढंच म्हणाले होते.

अब्बांनी ऐकलं नाही. आजची फेरी काकांची शेवटची! म्हणून तर खरं काय ते शोधायला ही तिघं गाडीत घुसली होती.

"खड्डा आला की काटा पडतो!" वसीम म्हणाला. "काकांचे दोन्ही हात तर स्टिअरिंगवरच आहेत!"

जियाने मात्र आणखी काहीतरी टिपलं होतं. काटा पडला की जरा वेळाने इंजिनचा पिवळा दिवा लागत होता. नाशिकरोडच्या सिग्नलला वेग कमी झाला, तेव्हा तर इंजिन गचके खाऊन बंदच पडलं! तिने बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. आत्ता सांगितलं तर हा वसीम आधी धावत जाऊन अब्बांना सांगणार. शाबासकी त्याला! नकोच!

पंचवटीतल्या चिमाजी मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये अब्बा वाट पाहत होते. गाडी थांबायच्या आत वसीमने उडी मारली.

"चाचू! काकांनी काही केलं नाही! खड्ड्यात काटा आपोआप पडतो. मीटरच खराब आहे!"

"खराब केला म्हण," चिमाजी पान चघळत म्हणाला. "ड्रायव्हरने वायरी ओढल्या की मीटर जाणारच. नवा बसवू."

अब्बांनी हात पुढे केला. "चावी, बुधा."

काकांनी चावी सदऱ्याला पुसली आणि अब्बांच्या हातावर ठेवली. जिया पुढे धावली.

"थांबा, अब्बा!" ती किंचाळलीच. "मीटर गेला असता तर नुसता काटा पडला असता! पण इंजिनचा दिवाही लागतो, सिग्नलला इंजिन बंद पडतं! तुम्हीच सांगितलं होतं ना, गिअरबॉक्सवर सेन्सर असतो, तो गाडीचा वेग मीटरलाही कळवतो आणि इंजिनच्या कॉम्प्युटरलाही? दोघांची बातमी एकदम तुटते, म्हणजे घोटाळा खाली सेन्सरपाशीच आहे!"

"आणि खड्ड्यात होतं, म्हणजे काहीतरी सैल आहे!" वसीम ओरडला.

चिमाजी खो खो हसला. "बालवाडी भरली वाटतं!"

"मग घ्या की गाडी वर!" स्नेहल म्हणाली. "हरलो तर आम्ही तिघं तुमचं गॅरेज झाडून देऊ!"

फुकटच्या झाडलोटीच्या मोहाने चिमाजी फसला! पुढची चाकं अधांतरी राहतील अशी त्याने गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली. अब्बा आत बसले, पोरांना लांब उभं केलं. चाकं फिरू लागली. काटा चाळीसवर!

"आता काठीने सेन्सरची वायर हलवा!" जिया म्हणाली.

चिमाजी वाकला आणि तसाच राहिला.

"हलव की!" अब्बा आतून ओरडले. काठी टेकली मात्र... "पडला! काटा पडला!"

इंजिन बंद करून अब्बा स्वतः खाली डोकावले. वायरीच्या जोडाचा खटका तुटलेला होता आणि तो सुतळीने बांधला होता!

"ही सुतळी कोणाची?"

"मागच्या महिन्यात... क्लच उतरवताना तुटला," चिमाजी जमिनीकडे पाहत पुटपुटला. "म्हटलं, चालून जाईल."

"शाब्बास, वसीम!" अब्बा सवयीने म्हणाले. जियाने मान फिरवली. पुन्हा तेच!

"मी तर मीटरच म्हणत होतो, चाचू," वसीम म्हणाला. "माझं ऐकलं असतं तर काका गेले असते. हे जियाने शोधलं."

इतकं सरळ याला बोलता तरी कसं येतं? जियाला त्याचाही हेवा वाटला!

"मला सिग्नललाच कळलं होतं," ती कशीबशी म्हणाली. "वसीमची वाहवा होईल म्हणून मी गप्प बसले, काका."

बुधाकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येळेवर बोललीस ना, पोरी? लय झालं."

अब्बांनी दोन्ही हातांनी चावी त्यांच्यापुढे धरली. "माफ कर, बुधा. पोरांनी नीट पाहिलं, मी नुसता ओरडलो." मग मुलांकडे वळून ते म्हणाले, "माझ्या घरात दोन-दोन मिस्त्री आहेत, मला पत्ताच नव्हता!"

'दोन' हा शब्द जियाला अजूनही बोचला. पण थोडासाच!