टाळांक

नवी कार्यप्रणाली बसवली त्या सोमवारी नागपूरच्या एका संगणक प्रयोगशाळेत सकाळपासून नुसता गोंधळ होता. एकही थेटखूण जागेवर नव्हती. थेटखूण म्हणजे ज्या चित्राला बोट लावलं की काम उघडतं ते चित्र. संगणकाच्या पटलावर वर्षानुवर्षं डावीकडे असलेली चित्रं आता भलतीकडेच जाऊन बसली होती. नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी मसाल्याचे डबे हलवले तर सासूचं जे होईल, ते इथं सगळ्यांचं झालं होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मंदाकिनी बोबडे मात्र खुशीत होत्या. ही मांडणी त्यांच्याच डोक्यातून निघालेली. ती राज्यभरातल्या कार्यालयांत जाण्याआधी तिची परीक्षा घ्यायला नेत्रविज्ञानाचे डॉ. हरकरे आले होते.

"जुन्या मांडणीत जे जास्त वापरता ते पुढे यायचं," मंदाकिनीबाई सांगत होत्या. "पण माणूस जास्त काय वापरतो? जे सोपं असतं ते. करायला हवं ते कोपऱ्यात धूळ खात पडतं. म्हणून आम्ही वापर मोजतच नाही. टाळणं मोजतो."

"ते कसं?"

"तुमचाच विषय आहे, डॉक्टर. पडद्यावर नजर सरकत नाही, उड्या मारते."

"सेकंदाला तीनेक," हरकरे म्हणाले. "आणि नकोशा गोष्टीवरून जरा लांब उडी घेते, हे खरं."

"पडद्यावरचा कॅमेरा त्या उड्या टिपतो. लांब उडीवरून आम्ही टाळांक काढतो, म्हणजे टाळण्याचा अंक. जिचा टाळांक सर्वांत जास्त, ती थेटखूण मोठी होऊन पटलाच्या मध्यभागी येते. आता टाळून दाखवा म्हणावं. नजर बुजायची थांबली की ती आपोआप कडेला जाते."

हरकऱ्यांना प्रात्यक्षिक हवं होतं. बाईंनी जवळच्याच टेबलावरून अनुप डोंगरेला उठवलं आणि त्याचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पटलाच्या बरोब्बर मध्यभागी, बशीएवढा, मंदाकिनीबाईंचा फोटो होता.

'तपासणीला पाठवा' अशी ती थेटखूण होती. झालेलं काम बाईंकडे जायचं ते तिच्यावाटे. आपला चेहरा दिसला की हाताखालच्या मुलांना आपलेपणा वाटेल, म्हणून बाईंनीच तिच्यावर स्वतःचा हसरा फोटो लावला होता.

"मॅडम, नवीन आहे न ते, अजून शिकून राहिलं," अनुप घाईघाईनं म्हणाला.

शेजारच्या पडद्यावरही तोच फोटो होता. त्याच्या पलीकडे रेवती तायडेच्या पडद्यावर तर तो इतका फुगला होता की बाकीची चित्रं अंग चोरून उभी होती. फक्त हार घालायचा बाकी होता. हरकऱ्यांनी मान वर करून छताचा पंखा निरखायला सुरुवात केली.

मंदाकिनीबाईंचे कान तापले. यंत्र चुकलं म्हणायचीही सोय नव्हती. ते चुकत नाही हे त्यांनीच सिद्ध केलं होतं. मागं भर बैठकीत रेवतीचा अहवाल हातात धरून, "हे कुणी लिहिलंय, की कीबोर्डावरून मांजर गेलंय?" असं त्यांनी विचारलं होतं आणि सगळे हसले होते. आपण विनोदी आहोत असंच बाईंना इतकी वर्षं वाटत आलं होतं. लोक का हसतात ते आज कळलं, आणि अशी लाज वाटली की दुपारचा डबा त्यांनी केबिनचं दार लावून खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी जिभेला लगाम घातला. आधी शेरे सौम्य झाले, मग कमी झाले, मग उरला तो एकच, 'छान'. चूक दिसली की जीभ वळवळायची, म्हणून आलेल्या कामात फार खोल शिरणंही त्यांनी सोडलं. येताजाता मात्र त्या चोरून पडद्यांकडे बघत. फोटो लहान होत होता. तो सगळ्यांच्याच पटलांवर पार कोपऱ्यात गेला त्या दिवशी बाईंनी प्रयोगशाळेत संत्रा बर्फी वाटली.

महिन्यानं हरकरे शेवटची सही करायला आले.

"टाळांक शून्य," बाई म्हणाल्या. "सगळ्यांचा. माणूस बदलतो, डॉक्टर."

हरकऱ्यांनी रेवतीच्या नजरेची नोंद मागवली. नजर जिथं टेकते तिथं ठिपका, असा तो नकाशा होता. तो त्यांनी बराच वेळ पाहिला.

"भीती गेली हे खरं," ते म्हणाले. "पण भीती जाऊन विश्वास आला असता, तर नजर तुमच्या फोटोवर क्षणभर तरी टेकली असती. इथं ती टेकत नाही आणि चुकवतही नाही. मोकळ्या जागेवरून जावी तशी जाते."

"म्हणजे?"

"ज्याच्यावाचून काही अडत नाही, ते टाळावं तरी कशाला लागेल? तुमचं यंत्र अगदी बरोबर आहे. तुमचं स्वतःचं पटल बघू?"

बाईंनी पडदा वळवला. मध्यभागी एकच थेटखूण ऐसपैस बसली होती. 'तपासायची कामं.'

"ते माझं मुख्य काम," बाई म्हणाल्या. "म्हणून मध्यभागी."

"तुमच्या मांडणीत मुख्य काम मध्यभागी येत नाही, बाई," हरकरे हळू आवाजात म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत मला." मग सही उद्या करतो म्हणाले आणि चहाचं निमित्त काढून बाहेर गेले.

बाई उठून बाहेर आल्या. रेवतीच्या टेबलाशी अनुप खुर्ची ओढून बसला होता आणि रेवती त्याचं काम तपासत होती, खोडत होती, पुन्हा लिहायला लावत होती. बाईंना पाहून अनुप उठला आणि आपल्या जागेवर गेला.

"रेवती," बाई म्हणाल्या, "महिनाभर तुमचं कुणाचंच काम मी वाचलेलं नाही." एवढं बोलताना त्यांना तिच्याकडे बघवलं नाही.

"ठाऊक आहे, मॅडम."

"कसं?"

रेवती घुटमळली. "मागच्या अहवालात मधल्याच एका पानावर मी वांग्याच्या भरताची कृती टाकली होती. आमच्या मलकापूरची, आई करते तशी. तुम्ही खाली 'छान' लिहून परत पाठवलंत."

मंदाकिनीबाईंनी आजूबाजूला पाहिलं. सगळी प्रयोगशाळा माना खाली घालून काम करत होती.

"हसला असाल सगळे," त्या म्हणाल्या.

"नाही, मॅडम. कुणी हसलं नाही. तुम्ही ओरडत केबिनच्या बाहेर याल म्हणून आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो होतो."